लाल गाडीतलं सरकीचं तेल

माझ्या बायकोला वाटतं, या माणसाचं आपल्याला सगळं ठाऊक आहे. कशावर चिडतो, काय लपवून खातो, कुठल्या नातेवाइकाला टाळतो — आहेच ठाऊक. हे एक नाही. हे कोणालाच नाही. आज तुम्हाला सांगायला बसलोय. आता या वयात मला कोण काय करणार आहे? ज्यांनी जाब विचारला असता ती माणसं केव्हाच गेली. तरी भीती काही गेलेली नाही.

गाडीपासून सुरू करतो. गाडीबद्दल बोलणं त्यातल्या त्यात सोपं.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. खामगावात काकांची तेलाची गिरणी होती, सरकीचं तेल काढायची. वडील लवकर गेले, काकांनीच वाढवलं. नागपूरला इंजिनिअरिंगची दोन वर्षं काढून मी परत आलो आणि गिरणीतली यंत्रं बघू लागलो. नापास होऊन आलो होतो, पण तसं कोणी म्हणत नसे. कामगार मला 'इंजिनियर' म्हणायचे आणि मला ते गोड लागायचं.

कापसाच्या एका जिनिंगच्या मागच्या शेडमध्ये ती गाडी उभी होती. विलायती, लाल, बसकी, वरून उघडी, दोनच माणसांची — शर्यतीची गाडी. कोणी साहेब जाताना टाकून गेला, मग ती हातोहात फिरली आणि शेवटी तिच्या गादीवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. बरी बैलजोडी तिच्यापेक्षा महाग पडली असती. स्वस्त का, तर तिची भानगड कोणाला झेपत नव्हती. एकाऐवजी दोन कार्ब्युरेटर, दोघांचं जमलं तर चालणार, नाहीतर खोकत बसणार. एक पुरजा काढायला आधी चार काढा. काका म्हणाले, "बसायले दोघं अन् ढकलायले चार. काऊन घेऊन राह्यला बे हे लचांड?" त्यांनी नको म्हटलं, म्हणून तर मी घेतलीच.

ती चालती केली उस्मानचाचांनी. गावातल्या लॉऱ्या, विहिरींवरची इंजिनं, सगळी त्यांच्या हाताखालून जायची. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. पण कुठलंही तेल दोन बोटांत घासून नाकाशी धरलं की सांगायचे, कुठलं आहे आणि किती वापरलंय. तीन महिने ते त्या गाडीखाली आडवे होते. मी वर उभा राहून पाने द्यायचो आणि मधूनमधून इंग्रजी नावं सांगायचो. ब्रेकचं रबर पार गेलेलं, त्या मापाचं मिळेना. त्यांनी लॉरीचं जुनं रबर घासून घासून मापाचं केलं आणि बसवलं. ब्रेक लागले. उत्तम लागले. हे मुद्दाम सांगून ठेवतो.

दसरा तोंडावर आला. बुलढाण्याला माझं लग्न ठरलेलं होतं. झेंडूची माळ घालून लाल गाडी सासऱ्यांच्या दारात उभी करायची आणि सोनं द्यायचं, हे मी मनात इतक्या वेळा केलं होतं की ते झाल्यासारखंच वाटत होतं. आणि दोन दिवस आधी चाचांनी ब्रेकच्या तेलाची डबी उघडून पाहिली. अर्धी रिकामी. म्हणाले, "भाऊ, आता हालवू नका हिले. याचं तेल अकोल्याहून आणा लागते. शनिवारी मी जाऊन राह्यलो, आणतो." दसरा शुक्रवारी होता. मी म्हटलं, दुसरं कुठलं चालणार नाही? त्यांनी डबीत बोट बुडवून नाकाशी नेलं. "वास तर एरंडेलाचा येते. पण हे येगळंच असते, भाऊ. यात दुसरं टाकू नका."

अकोल्याला एसटीने जाऊन यायला एक दिवस लागला असता. मी का गेलो नाही? कंटाळा केला म्हणू? नाही, कंटाळा नव्हे. अंगठा उठवणाऱ्या माणसाने इंजिनियरला नाही म्हटलं — ते लागलं. एरंडेल चालतं, तर आमचं का नाही? आमचं तर चार वेळा गाळलेलं, मधासारखं. त्या संध्याकाळी गिरणीतून भांडंभर सरकीचं तेल आणलं आणि डबी काठोकाठ भरली. पायडल दाबून पाहिलं. घट्ट लागलं.

थांबा. एवढंच सांगितलं तर ती चूक होते, आणि चुकीला कोणी कबुली म्हणत नाही. गिरणीत तेल लागून नळ्यांची रबरं फुगायची, बुळबुळीत व्हायची आणि दाब धरेनाशी व्हायची. दर पंधरवड्याला ती बदलायचं काम माझंच होतं. म्हणजे मला माहीत होतं. भांडं हातात असताना ते आठवलं होतं का? आठवलं होतं. मी म्हटलं, चार दिवसांत काय होतंय.

दुसऱ्या दिवशी चाचांना सांगितलं, एका लॉरीवाल्याकडे तेल मिळालं, त्याने दिलं, मी भरलं. "बरं झालं," म्हणाले. डबी उघडूनसुद्धा पाहिली नाही. माझ्या शब्दावर ते माझ्या शेजारी बसले — वाटेत बंद पडली तर हाताशी असावेत म्हणून मीच त्यांना चला म्हटलं होतं.

जाताना चढण होती, ब्रेकचं काम फारसं पडलं नाही. दसरा झाला. सासऱ्यांच्या दाराशी निम्मी गल्ली गोळा झाली, चाचांनाही जेवायला पाट मांडला. रविवारी दुपारी निघालो. बोथ्याच्या घाटात उतरताना दुसऱ्या वळणावर पाय दाबला आणि तो खाली गेला — खाली, पार फळीला टेकला. पुन्हा दाबला. काही नाही. चाचांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काय झालं ते ओळखलं. दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. वेग थोडा मोडला, पुरेसा नाही. उजवीकडे दरी होती. मी स्टिअरिंग नुसतं धरून बसलो होतो. त्यांनी ते हिसडून डावीकडे ओढलं, डोंगराच्या अंगाला. डावीकडे ते स्वतः बसले होते.

मला कपाळाला खोक पडली. त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली चिरडला, आणि नंतर तो कापावा लागला.

आता खरं सांगायचं ते येतंय. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर चाचा पहिलं काय बोलले असतील? "रबर माह्याच हाताचं होतं. कमी-जास्त झालं माह्याकडून." मी उशाशी उभा होतो. बोलायला एक वाक्य पुरलं असतं. काका दाराशी, सासरे बाकावर, आणि माझ्या कपाळाला पट्टी. मी खाली पाहिलं. चार दिवसांनी त्यांनी निरोप पाठवला, ते रबर तेवढं आणून दाखवा, कसं बसलं होतं पाहतो. मी घाबरलो. घाटात घाबरलो त्याहून जास्त घाबरलो. त्यांनी ते एकदा नाकाशी धरलं असतं की संपलंच होतं. मी गिरणीच्या मागे बसून डबी, नळ्या, रबरं स्वतः सोडवली. रबर फुगून दुप्पट झालेलं, बोटाने दाबलं तर खचत होतं. ते भट्टीत टाकलं. बाकी सगळं रॉकेलने धुतलं आणि गाडी भंगारात दिली. मग जाऊन सांगितलं, काकांनी परस्पर देऊन टाकली.

गावाने पुढचं केलं. उस्मान मिस्त्रीचा ब्रेक फसला, शेठचा पुतण्या मरता मरता वाचला. लॉरीवाले दुसरीकडे जाऊ लागले. एका पायाने गाडीखाली शिरता येत नाही हे होतंच, पण नाव असतं तर वर बसून चार पोरांकडून काम करून घेतलं असतं. नाव राहिलं नाही. वर्षभरात ते वरवट बकालला भावाकडे गेले आणि स्टोव्ह, कंदील दुरुस्त करू लागले. मी कधी गेलो नाही. गिरणीत कोणी बोटाला तेल लावून नाकाशी नेलं तरी मी तिथून उठून जायचो.

सात-आठ वर्षांनी एका सकाळी ते आमच्या ओसरीवर उभे. काखेत कुबडी, एसटीने आलेले. मला वाटलं, कळलं. कसं कोण जाणे, पण कळलं. मी खुर्ची धरली. बायकोने पाणी आणून दिलं. ते प्यायले आणि म्हणाले, जावई हजला नेतो आहे. त्यांच्यात हजला निघायच्या आधी ज्याचं ज्याचं आपल्या हातून वाईट झालं त्याच्याकडे जाऊन माफी मागून यायची असते. चिखलीला बहिणीकडे जाऊन आले होते. खामगावात एकच घर होतं.

"त्या गाडीचं मनावर आहे माह्या, भाऊ. तुमचा जीवच जात होता. माफ केलं म्हणा, म्हणजे मी मोकळा जातो."

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. कुबडी काखेतून घसरली, ती मी उचलून दिली. बायको दारात उभी होती.

मी त्यांचे हात हातात घेतले आणि म्हणालो, "माफ केलं, चाचा."