दुखण्याची आणेवारी

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, गणेशोत्सवाच्या नाटकांत वर्षानुवर्षे दरवानाचे काम करणाऱ्या प्रस्तुत लेखकाची, ऐंशीच्या दशकात, नागपूरच्या एका कॅन्सर इस्पितळात प्रमुख भूमिकेसाठी निवड झाली. भूमिका कण्हण्याची होती.

माझे सासरे तेव्हा काटोलहून उपचारासाठी आमच्याकडे आले होते. रोग हाडांत उतरला होता. पण लेकीच्या घरी राहणेच त्यांना जड, जावयासमोर कण्हणे तर दूरच. मी खोलीत शिरलो की तोंडातली उशी सोडून ते संत्र्याच्या भावावर बोलू लागत. बायको गोळी घेऊन गेली की म्हणत, "काहून मागं लागली वं? लय झालं तर मागतो ना." लय झाले तरी मागत नसत.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी रुग्ण आणि घरच्यांसाठी स्लाइड प्रोजेक्टर व टेपरेकॉर्डरवर एक कार्यक्रम बसवायला घेतला होता. खेड्यातल्या माणसाला दुखणे मोजता यावे म्हणून त्यांनी पिकाची आणेवारी निवडली: काहीच नाही तर शून्य, सहन होईना तर सोळा आणे. कल्पना नामी. फक्त आमचा शेतकरी आणेवारी कमीच सांगतो, हे बाईंना ठाऊक नव्हते. पीक कमी दिसले तर शेतसारा माफ होतो. तलाठ्यासमोर कोण खरे बोलेल? वॉर्डातही पलंगाची कड घट्ट धरून जो तो दोन-तीन आणे सांगू लागला. सासरे म्हणाले, "दोन." औषधही त्याच मापाचे मिळाले.

मी हे बाईंना सांगितले. त्या हसल्या. मग म्हणाल्या, "हेच टेपमध्ये घालू. रुग्ण तुम्ही व्हा."

घरी न्हाणीत तालमी सुरू झाल्या. बाहेरून बायको म्हणाली, "दाढ दुखल्यावानी वाटून राहिलं. अजून खालून काढा."

कार्यक्रमाच्या दिवशी खोलीतले पडदे ओढले. सासरे पहिल्या रांगेत, मी त्यांच्या मागे. गोळी घड्याळाप्रमाणे द्यावी, दुखण्याची वाट पाहू नये, हे बाईंच्या आवाजात झाले. मग पडद्यावर मुठी आवळून पडलेला माणूस आला, आणि टेपमधून मी कण्हत म्हणालो, "दोन आणे, बाई. दोनच."

सासऱ्यांना माझा आवाज ओळखू आला नाही. दरवानाच्या आयुष्यातले हे सर्वोच्च यश. ते खुर्चीत पुढे सरकले, आणि भर खोलीत बोलले. त्याच संध्याकाळी बाईंनी औषध वाढवले. नंतरचे सासऱ्यांचे सगळे महिने काही सुखाचे गेले नाहीत. पण ते रात्री झोपू लागले, सकाळी व्हरांड्यात संत्रे सोलून नातीला फोडी देऊ लागले आणि मला मनसोक्त टोमणे मारू लागले. त्या बाईंचे, त्या तापणाऱ्या प्रोजेक्टरचे उपकार मी अजून मोजतो आहे. आणि सासऱ्यांनी भर खोलीत उच्चारलेल्या त्या वाक्याचे, जे पडद्यावरच्या माणसाला उद्देशून होते:

"काहून खोटं बोलून राहिला गा? हे बाई का तलाठी होय? चौदा आणे सांग. माहे चौदा आहेत."