पदराखालची करंगळी

आधीच सांगून टाकते... या पानावरचे अनुभव मी चहा पिता पिता वाचते आणि बहुतेक वेळा हसते. वळणावरची म्हातारी, पांढऱ्या साडीतली बाई, मागं बघितलं तर कुणीच नाही — या सगळ्यांना मी आजवर खुशाल वाटेला लावलंय. माझं कामच तसं आहे. कॅनडात, कॅल्गरीला, मी पाइपलाइनच्या ऑफिसात इंजिनिअर आहे. प्रेशर कमी झालं की कुठंतरी गळती असतेच, आणि शोधली की ती सापडते. तेव्हा मी जे लिहितेय ते तुम्ही हसण्यावारी नेलंत तरी रागावणार नाही. फार तर थोडीशी.

गोष्ट मागच्या नोव्हेंबरातली. पण त्याआधी बनाआत्या सांगायला हवी.

बनाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमचं गाव माणदेशात, आटपाडीच्या जवळ. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, म्हणून ती माहेरी आली आणि शेरडं पाळून ताठ मानेनं जगली. आई शाळेवर शिकवायला जायची, त्यामुळं मी आत्याच्याच अंगाखांद्यावर वाढले. तिच्या गळ्यात तुळशीची माळ. मटणाच्या भांड्याला हातसुद्धा लावायची नाही. आणि गंमत अशी, की गावात कुणाचं जावळ असो नाहीतर जत्रा, बोकड निवडायला बाजारात आत्यालाच न्यायचे! कुणी टिंगल केली की फणकारायची, "म्या खात न्हाय, पर पोरांच्या पोटात काय जातंया ते बगाया नगं व्हय?"

आटपाडीच्या बाजारात व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटांनी सौदा करायचे, म्हणजे बाकीच्यांना काही कळायला नको. आत्यानं तीच रीत उचलली, फक्त रुमालाऐवजी पदर आणि व्यापाऱ्याऐवजी मी. बोकडासमोर ती आंबट तोंड करून उभी राहायची आणि माझा डावा हात तिच्या पदराखाली असायचा. बोकड पसंत पडला तर माझी मूठ आपल्या मुठीत घट्ट दाबायची. मग मी गप्प राहायचं. पसंत नसेल तर माझी करंगळी मुरगळायची — हलकेच नाही हो, चांगली बाहेरच्या बाजूला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत — आणि मग मी भोकाड पसरायचं, "आत्या, घरी चल!" लेकरू रडतंय म्हटल्यावर विकणाऱ्याला न दुखवता काढता पाय घेता यायचा. मला त्या रडण्याबद्दल शेव मिळायची, आणि मी ती इमानदारीनं कमवायचे.

का नको, हे मात्र ती कधी सांगायची नाही. फार मागं लागलं तर एवढंच म्हणायची, "लांबनं बगावं. जनावर आपल्याकडं बगत नसतं तवाच खरं दिसतं."

आता आत्या थकली आहे. तब्येत तशी बरी, पण आठवण गेली. चुलतभाऊ अशोक व्हिडिओ कॉल लावून तिच्यासमोर फोन धरतो आणि मी ओरडत राहते, आत्या, मी सुरेखा. ती मान तिरकी करून बघते आणि अशोकला विचारते, "कुणाची पोर रं ही?" जिच्या अंगाखांद्यावर मी वाढले तिनं हे विचारावं... कॉल संपला की मी वॉशरूममध्ये जाऊन तोंड धुऊन येते. ईराला, माझ्या लेकीला, सांगते की साबण डोळ्यांत गेला.

तर नोव्हेंबर. आमच्या ऑफिसातून रिटायर झालेला ग्लेन उभा जन्म शिकार करत आलाय. दर हिवाळ्यात तो आम्हाला हरणाचं मांस आणून द्यायचा आणि ईराला ते इतकं आवडायचं, की ग्रोसरीतलं चिकन ती बाजूला सारायला लागली. एकदा ग्लेन म्हणाला, मी काही कायमचा पुरणार नाही, तूच शीक. शिकले. कोर्स केला, लायसन्स काढलं, ड्रॉमध्ये टॅग लागला. टॅग म्हणजे परवाना. एका टॅगवर एकच मादी. त्यामुळं कुठली मारायची, हा विचार ट्रिगरच्या आधी करायचा.

माझा नवरा अजित पुण्याचा, शुद्ध वरणभातवाला. मी बूट चढवत होते तेव्हा म्हणाला, "कॅनडात आलीस तरी तुझा आटपाडीचा बाजार काही सुटत नाही." मला ते आवडलं, खरं सांगायचं तर.

ड्रमहेलर गावाच्या पूर्वेला ग्लेनच्या ओळखीच्या शेतकऱ्याचं बार्लीचं शेत आहे. पीक निघालेलं, नुसती खुंटं उरलेली, त्यावर पातळ बर्फ. शेताच्या कडेला एक घळ. नुकतंच उजाडलेलं. ग्लेन आणि मी गवताच्या मोठ्या गोल गाठींच्या आडोशाला बसलो होतो. थंडी अशी, की नाकातले केस कडक होतात. पण आकाश स्वच्छ होतं, आणि त्या उघड्या माळाकडं बघून मला सारखी आमच्याकडची कुरणं आठवत होती. रंगसुद्धा तोच, वाळल्या गवताचा.

घळीतून हरणं वर आली. मोठ्या कानांच्या म्यूल डिअर, सगळ्या माद्या. त्यातली एक बाकीच्यांपेक्षा डोकंभर उंच दिसत होती. रुंद पाठ, तुकतुकीत कातडी, डावा कान टोकाला फाटलेला. मागं पाडस नव्हतं. ग्लेन माझ्या कानाशी कुजबुजला, "द बिग वन. दॅट्स अ फुल फ्रीझर, सू. टेक युअर टाइम."

मी बंदूक गाठीवर टेकवली. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून ती एवढी जवळ दिसत होती, की तिच्या नाकातली वाफ कळत होती. ती आडवी उभी राहिली. याहून सोपा नेम असूच शकत नाही. मी श्वास सोडला...

आणि माझी करंगळी मुरगळली गेली.

डावा हात, जाड मिटनच्या, म्हणजे हातमोज्याच्या, आत. बाहेरच्या बाजूला, चांगली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. वात आला असेल, बोट बधिर झालं असेल, हे सगळं तुम्ही म्हणायच्या आधी मीच स्वतःला म्हणून घेतलंय. वाताची कळ मला माहीत आहे. ही कळ नव्हती, हा हात होता. मी विचार करायच्या आत माझ्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं, "आत्या, घरी चल!"

हरणं टणाटण उड्या मारत पसार झाली. फाटक्या कानाची मादी कुंपण ओलांडून शेजारच्या शेतात गेली. ग्लेन माझ्याकडं बघतच राहिला. मी रडत होते, अगदी शेव मिळण्याजोगं.

"व्हॉट हॅपन्ड? आर यू हर्ट?"

मी मिटन काढली. करंगळी मुळापाशी लालभडक होऊन सुजली होती. बाकीची बोटं जशीच्या तशी. ग्लेननं ती उलटसुलट करून बघितली, फ्रॉस्टबाइट असा नसतो म्हणाला, आणि थर्मासमधली कॉफी माझ्या हातात दिली. बिचाऱ्याला वाटलं असणार, बाईला जीव घेववला नाही.

दुपारी घळीच्या पलीकडच्या अंगाला एक मादी एकटीच येऊन बसली. जरा लहान, दिसायला साधीच. मी करंगळीकडं लक्ष लावून बसले. मुठीकडंही. काही झालं नाही. मग म्हटलं, आता आपणच बघायचं. लांबून बघितलं, ती आमच्याकडं बघत नव्हती तोवर. रवंथ चांगलं चाललं होतं, कान सारखे हलत होते, उठली तेव्हा चारी पायांवर एकदम उठली. मी नेम धरला. एका गोळीत गेली. मी जवळ जाऊन तिच्या मानेवर हात ठेवला आणि मनापासून नमस्कार केला.

घरी ईरानं पहिला प्रश्न विचारला, "आई, डिड शी हॅव अ बेबी?"

"नाही गं. एकटीच होती."

आमच्या त्या भागात मारलेल्या हरणाचं मुंडकं तपासायला द्यावं लागतं. हरणांना मेंदूचा एक रोग होतो. शेवटी जनावर खंगून मरतं, पण आधी कितीतरी दिवस ते ठणठणीत दिसतं. माणसाला तो झाल्याचं अजून कुठं दिसलेलं नाही, तरी रोगट निघालं तर खाऊ नका असं सांगतात. रिझल्ट येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये तसंच ठेवलं होतं.

काही आठवड्यांनी ग्लेनचा फोन आला. आमची मादी क्लीन होती. मग म्हणाला, फाटक्या कानाची ती दुसऱ्याच दिवशी शेजारच्या शेतकऱ्यानं मारली... तिच्यात रोग निघाला. सगळं मांस त्यांना टाकून द्यावं लागलं.

"सू, आय वॉज लुकिंग राइट ॲट हर. शी लुक्ड परफेक्ट. व्हॉट डिड यू सी?"

"नथिंग, ग्लेन." आणि ते खरंच होतं.

अजितचं म्हणणं असं, की तिच्या चालण्यात नाहीतर मान धरण्यात माझ्या डोळ्यांनी काहीतरी टिपलं असणार आणि लहानपणची सवय जागी झाली. असेल. मला हे अर्धं पटतं. पण सवय बोट सुजवते का? गळती शोधणारी बाई मी, दोन महिने शोधतेय. सापडत नाही.

जानेवारीत सुट्टी काढून गावाला गेले. आत्या अंगणात उन्हाला बसली होती. पदर डोक्यावरून घेतलेला, मांडीवर गोधडी, नजर शेजाऱ्यांच्या शेरडांवर. मी पाया पडले. तिनं मान तिरकी केली.

"कुणाची गं तू?"

"सुरेखा, आत्या. तुझ्या धाकट्या भावाची."

"आसंल," म्हणाली, आणि परत शेरडांकडं बघायला लागली.

मी तिला खेटून बसले आणि तरीही सगळं सांगितलं. बाजारात गेले होते म्हटलं, लांबच्या. एक लई देखणी होती, पण घेतली नाही. मग दुसरी घेतली, साधी. पोरीनं पोटभर खाल्लं. आत्या ऐकत होती की नव्हती, काही कळेना. अशोकची बायको चहा ठेवून गेली. मी लहानपणासारखा माझा डावा हात तिच्या पदराखाली सरकवला आणि तिच्या हातात ठेवला. बराच वेळ तिचा हात नुसता पडून राहिला, सुरकुतलेला, ऊबदार.

मग तिनं माझी मूठ आपल्या मुठीत घेतली आणि घट्ट दाबली.

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. ते तसंच होतं, आंबट, बाजारातलं, भलतीकडंच बघणारं. मला केवढं काय काय विचारायचं होतं... पण मूठ दाबली की गप्प राहायचं, असं आमचं ठरलेलं होतं. मी गप्प राहिले.