चरकापुढे ओरडायचं कसं

तुम्ही विचारता, आजी, तू लोकांच्या जखमांची वही का ठेवायचीस? त्याचं उत्तर सांगायचं तर निजामी राज्य संपण्याआधीचा हिवाळा सांगावा लागेल.

माझे वडील सिकंदराबादला रेल्वेत कारकून, म्हणून मला इंग्रजी आलं. लग्न होऊन कुरुंद्याजवळच्या शेतकरी घरात आले ती टिंक्चरची बाटली आणि पट्ट्या घेऊन. कुणाला कापलं, चेंगरलं, भाजलं की माणसं माझ्याकडे येत. मी जखम बांधायची आणि वहीत लिहायची: काम कोणतं, हात कोणता, इजा कुठपर्यंत. दुखणं लिहून ठेवलं की ते पुन्हा येतं, असं सासूबाईंचं म्हणणं. म्हणून मी इंग्रजीत लिहायची. त्यांना वाटे, माहेरी पत्र चाललंय.

त्या हिवाळ्यात गावोगाव रझाकारांची धास्ती होती. गडी लेकरंबाळं घेऊन निघून गेले होते आणि ऊस शेतात उभा होता. गूळ करायचा तर चरकावर घरच्या बायकांनीच बसायचं ठरलं. पहिली पाळी माझ्या धाकट्या जावेची. बैल गोल फिरतात, त्यांच्या ओढीनं लोखंडी रूळ फिरतात आणि त्या रुळांत हातानं ऊस सारायचा; रस पलीकडे काहिलीत, मोठ्या कढईत, उकळतो. बैल हाकणाऱ्याची चरकाकडे पाठ असते. कुणी ओरडलं तरच तो थांबतो.

आदल्या दिवशी मी वही चाळली. चरकात हात गेलेल्या पुरुषांची बोटांची पेरं गेली होती. दोघी बायकांचा मात्र हात मनगटापर्यंत गेला होता. चरक तसलेच, बैल तसलेच, मग असं का? मला बसवेना. उन्हातच त्यातल्या एकीच्या घरी गेले. ती एका हातानं शेंगा निवडत होती.

"तू ओरडली का नाहीस गं?"

"वरडू कशी बाई? सासरा काहिलीपाशी बसून व्हता."

"अगं, पण हात जात होता ना!"

"तुमी शिकलेल्या. तुमी तरी वरडल्या असत्या का, तुमच्या मामंजीपुढं?"

नऊ वर्षांत मामंजींनी माझा आवाज ऐकला नव्हता.

घरी येऊन भांडी आवरली, आवरलेली पुन्हा आवरली. शेवटी दाराआडून बोलले, "मामंजी, उद्या चरकापाशी ओरडायची परवानगी असावी."

सासूबाईंच्या हातातलं सूप थांबलं. "हिला काय झालं?"

"परवानगी कशाला लागती?" मामंजी म्हणाले. "हात जाऊन राहिला तर पोरी गप बसतील व्हय?"

"त्या दोघी बसल्या," मी म्हणाले.

सकाळी चरक जुंपल्यावर मामंजींनी फर्मावलं, "हं, वरडून दाखवा."

जाऊ पदर तोंडात घालून हसायला लागली. बैलांपाशी उभे असलेले धाकटे भावजी म्हणाले, "मला वरडती तवा सारी आळी ऐकती, अन् आता काहून गप?"

मामंजींनी काठी आपटली. तिनं "थांबा" म्हटलं, त्यानं माशीही उठली नसती. मग मी तोंड उघडलं. शाळेत मोठ्यानं इंग्रजी कविता म्हणून बक्षीस मिळवलेली मी. मला साधं 'थांबा'ही म्हणता आलं नाही.

बैल चालू लागले. मी जावेच्या बांगड्यांवरून नजर काढत नव्हते. ती एकेक ऊस सारायची आणि दर वेळी काहिलीकडे, मामंजींकडे बघायची. हात रुळाशी आणि डोळे तिकडे!

मामंजींनाही ते दिसलं असावं. त्यांनी पागोटं सारखं केलं, घोंगडी उचलली आणि बांधापलीकडे बोरीआड जाऊन बसले. काहिलीतला पाक कधी उतरवायचा, हे आमच्या घरात फक्त त्यांना कळे.

"दादा, पाक कोण बघंल?" भावजी वडलांना ओरडून म्हणाले.

"तुला डोळे न्हाईत? तू बघ!"

थोड्या वेळानं जावेच्या पदराचा काठ रुळात गेला. ती अशी किंचाळली की भावजींच्या आधी बैलच थबकले. पदर वीतभर फाटला, हात शाबूत. बोरीआडून खोकला ऐकू आला, पण मामंजी उठून आले नाहीत. मी तिचा पदर कमरेला घट्ट खोचला. गुऱ्हाळ संपेपर्यंत मी एका जागी बसले नाही आणि ते बांधाच्या अलीकडे आले नाहीत.

त्या साली आमचा गूळ करपला. काळपट, कडवट. मामंजी रोज भाकरीबरोबर त्याचा खडा मोडून खात, आणि कुणाला काही म्हणत नसत.