राजाची एक उडी

पंचेचाळिशीत मोबाईलवर बुद्धिबळ शिकलो आणि महिन्याभरातच स्वतःच्या वडिलांना लबाड म्हणालो. चूक माझीच.

उचगावच्या घरी सोप्यात आप्पांशी पहिलाच डाव मांडला होता. शेजारची चार माणसं बघत बसली होती. मी जिंकत आलो होतो, तेवढ्यात आप्पांनी राजा उचलून घोड्यासारखा अडीच घरं नेऊन ठेवला.

“आप्पा, राजा असा उडतो व्हय? ही तर लबाडी झाली!”

सगळे हसले. आप्पांनी मोहरे डब्यात भरले. पुढं कधीही खेळायला बोलावलं, की म्हणायचे, “लबाडासंगं कशाला खेळतोस रं?”

परवा ऑफिसातल्या एका जुन्या खेळाडूकडून कळलं, की गावाकडच्या जुन्या नियमात शह बसला नसेल तर राजाला एकदा घोड्याची चाल मिळते. लाज वाटली, पण त्याहून जास्त हायसं वाटलं. आप्पांनी फसवलं नव्हतं.

रविवारी गावी जाऊन पट त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी डबा उघडला.

“मोबाईलच्या नियमानं, का माझ्या?”

“तुमच्या. आप्पा, चारचौघांत तुम्हाला लबाड म्हणालो. चुकलं माझं, माफ करा.”