बाईंच्या ओठांवरच्या रेषा

बहिऱ्या मुलांच्या शाळेत बोलणं शिकवणाऱ्या बाईंच्या तोंडाकडे लोक जन्मभर टक लावून बघत आले होते. स्वतः बाईंनी मात्र ते कधी निरखलं नव्हतं. आरशासमोर उभं राहायचं ते केस विंचरण्यापुरतं, आणि तेवढ्यात कुणीतरी हाक मारायचं.

या बघण्याची सुरुवात बाईंच्या आईपासून झाली. आई ऐन विशीत तापाने फणफणली. ताप उतरला तेव्हा दोन्ही कान गेलेले होते. वाचा शाबूत राहिली, फक्त आपला आवाज आपल्यालाच कळत नसल्यामुळे ती साधी गोष्टही जाहीर सभेत बोलल्यासारखी बोलू लागली. बाई जन्मल्या त्या यानंतर. आईशी बोलायचं तर आधी तिच्यासमोर जायचं, उजेडाकडे तोंड करायचं आणि ओठ असे हलवायचे की शब्द डोळ्यांना दिसला पाहिजे, हे चालायला लागण्याआधीच बाईंच्या अंगवळणी पडलं. रडायचं झालं तरी समोर येऊन रडायचं, नाहीतर ते रडणं फुकट.

पुढे बाईंनी त्याचाच पेशा केला. वर्गात मुलं अर्धवर्तुळात बसायची आणि बाई खिडकीकडे तोंड करून एकेक शब्द घडवून दाखवायच्या. ‘पाय’, ‘बाय’ आणि ‘माय’ हे तीन शब्द ओठांवर अगदी एकसारखे दिसतात. तिथे गालावर हात ठेवायला लावून, वाऱ्याचा झोत तळहातावर घ्यायला लावून फरक शिकवावा लागतो. असा दिवसभर ओठांचा चंबू, ओठांची फाक, ओठांची मिठी. घरी आलं की तेच पुन्हा आईसाठी, कारण वडील गेल्यावर आई बाईंकडेच राहायला आली होती.

बाईंचे यजमान लिफ्ट दुरुस्त करायच्या कामावर होते. झुपकेदार मिशांमुळे इमारतीतली मुलं त्यांना मिशीकाका म्हणायची आणि मग मोठी माणसंही म्हणायला लागली. मिशा वरच्या ओठावरून खाली उतरलेल्या, त्यात बोलणं पुटपुटल्यासारखं. त्यामुळे सासूबाईंना जावयाच्या तोंडून आजवर एक अक्षर कळलेलं नव्हतं. मिशीकाका जे बोलतील ते बाई वळून आईला सांगायच्या. आईचं उत्तर तर सगळ्या मजल्याला ऐकू जायचं, ते सांगायची गरज नसे. वर्षानुवर्षं संसाराची ही रीत चालली होती आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मग शाळेने बाईंचे पाठ कॅमेऱ्यात घ्यायचं ठरवलं. ज्यांना शाळेपर्यंत येता येत नाही त्या मुलांनी घरी पडद्यावर बघून शिकावं, असा हेतू. कॅमेरा अर्थातच तोंडावर रोखलेला. पहिला पाठ तयार झाल्यावर सगळ्या शिक्षकांना सभागृहात बसवून तो मोठ्या पडद्यावर दाखवला. बाईंना भिंतीएवढं तोंड दिसलं. वरच्या ओठावर कंगव्याच्या दातांसारख्या उभ्या रेषा, खालच्या ओठाखाली आणखी, आणि दोन्ही कोपऱ्यांत खोल चरे. ‘पाय’ म्हणताना त्या सगळ्या एकदम ओठाकडे धावत होत्या. शेजारच्या शिक्षिकेने पाठ फार छान झाल्याचं सांगितलं. बाईंनी मान डोलावली आणि उरलेला वेळ पडद्याच्या वरच्या चौकटीकडे बघत काढला.

पुढच्या आठवड्यात त्या त्वचेच्या डॉक्टरकडे गेल्या. घरी फक्त यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, “मला काही दिसत नाही.” हे उत्तर प्रेमाचं होतं की त्यांना चष्म्याचा नंबर बदलायची गरज होती, याचा बाईंना उलगडा झाला नाही.

डॉक्टर तरुण होत्या आणि आडपडदा न ठेवता बोलणाऱ्या. त्यांनी दिव्याखाली बाईंचं तोंड तपासलं, मग हातातला आरसा पुढे धरून समजावून सांगितलं. एक लेझर असा, की जो वरची कातडी सपशेल सोलून काढतो. रेषा त्यानेच सर्वात जास्त जातात, पण जखम भरायला दोन आठवडे, लाली पुढे कित्येक महिने, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर काळे डाग राहायची भीती. दुसरा चाळणीसारखा. तो कातडीत बारीक बारीक छिद्रं पाडतो, मधली कातडी तशीच ठेवतो, त्यामुळे लवकर भरून येतं, पण तीन-चार सिटिंग लागतात. तिसरा वरून काहीच न फोडता आत ऊब देतो. त्याने दुसऱ्या दिवशी कामावर जाता येईल, पण खोल रेषांना त्याची फारशी फिकीर वाटत नाही.

“रेषा कमी होतील. जाणार नाहीत,” डॉक्टर म्हणाल्या. “जातील असं कुणी सांगितलं तर तिथून उठून या.”

बाईंना हे बोलणं आवडलं. त्यांनी चाळणीचा निवडला. ओठांवर कधी पुटकुळ्या उठतात का, हे डॉक्टरांनी खोदून विचारलं आणि उठतात म्हटल्यावर आधीपासून घ्यायच्या गोळ्या दिल्या. कानामागच्या कातडीवर थोडा प्रयोग करून पाहिला. डाग पडला नाही. शाळेला सुट्टी लागेल तेव्हाची तारीख ठरली.

त्या दिवशी मलम लावता लावता मदतनीस म्हणाली, की आता थोड्या वेळात तोंड पूर्ण बधिर होईल. बाईंच्या घरात आणि शाळेत हा शब्द वेगळ्या अर्थाने वावरत होता. त्यांना हसू फुटलं आणि मलम हनुवटीवर ओघळलं. मग लेझरपासून जपायला डोळ्यांवर झापडं चढवली. तोंडाभोवती तापलेल्या सुया कुणी ओळीने मांडत जावं तसं वाटलं. फार दुखलं नाही, पण नको वाटावं इतकं दुखलं.

घरी येईपर्यंत ओठ सुजून टम्म झाले होते. सकाळी तर आरशात बदकच दिसलं. लाल, ताठ, त्यावर वाळूसारख्या बारीक खपल्या. डॉक्टरांनी तोंड कमीत कमी हलवायला सांगितलं होतं.

आईला आधी काही सांगितलं नव्हतं, हीच चूक झाली. तिने बाईंकडे पाहिलं, बाईंनी समजावायला ओठ हलवले, आणि ते हललेच नाहीत म्हणायचे.

“तुझं तोंड कुठं गेलं?” आई म्हणाली. खालच्या मजल्यावरचं दार उघडल्याचा आवाज आला.

बाईंनी कागदावर लिहून दिलं. आईने वाचलं, घडी केली आणि कागद उशीखाली ठेवला. वाद घातला नाही. फक्त पुढचे दोन दिवस ती खिडकीपाशी बसून राहिली आणि जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणाली. ती रागावली होती असं म्हणता येणार नाही. तिच्याशी बोलणारं एकच तोंड घरात होतं आणि ते बंद पडलं होतं. खुणा तिला कधी शिकवल्याच नव्हत्या. ओठ असताना खुणा कशाला, असं सगळ्यांना वाटत आलं होतं.

तिसऱ्या दिवशी मिशीकाका न्हाणीघरातून बाहेर आले ते मिशीवाचून. बाई बघतच राहिल्या. लग्नातल्या फोटोतही त्या मिशा होत्या. उघडा पडलेला वरचा ओठ बाकीच्या चेहऱ्यापेक्षा गोरा आणि बराच लांब निघाला. ते कुणाला काही न सांगता सासूबाईंसमोर जाऊन बसले, बायकोला आयुष्यभर जसं करताना पाहिलं होतं तसं उजेडाकडे तोंड केलं, आणि एकेक अक्षर खिळा ठोकल्यासारखं म्हणाले, “आई, पाय दुखतोय का?”

आईने बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

“माय?” ती म्हणाली. “तुमची माय जाऊन किती वर्षं झाली, जावईबापू.”

मिशीकाकांनी आपल्या गुडघ्यावर थाप मारून दाखवली. आई हसली. त्या दिवशी ती जेवली.

मग हा रोजचा कार्यक्रम होऊन बसला. मिशीकाका कामावरून आले की हातपाय धुऊन खिडकीपाशी बसायचे. अडकलेल्या लिफ्टा, त्यात सापडलेली माणसं, कुणी कसा घाबरला, कुणी आत कसा झोपून गेला, हे सगळं सासूबाईंना सांगायचे. निम्मं तिला चुकीचं कळायचं. पण चुकीचं कळलेलंही ती चवीने ऐकायची.

एका संध्याकाळी बाई स्वयंपाकघरात होत्या. बाहेरून आईचा आवाज आला, “मी इथे राहायला आले त्या दिवशी तुम्ही म्हणालात, किती दिवस वाट बघत होतो. ते मी विसरले नाही.”

बाईंचा हात भांड्यावरच थांबला. त्या दिवशी मिशीकाकांनी विचारलं होतं, किती दिवस राहणार आहेत. बाईंनी तोंड वळवून आईला दुसरंच सांगितलं होतं. ते एकदाच नव्हे. असलं कितीतरी त्यांनी वाटेत गाळून, पाणी घालून पोचवलं होतं. त्यांना धावत जावंसं वाटलं, पण जाऊन बोलणार कशाने?

मग मिशीकाका सावकाश म्हणाले, “मी तसं म्हणालो नव्हतो.”

“ठाऊक आहे,” आई म्हणाली. “तुमचं तोंड दिसत नव्हतं. कपाळ दिसत होतं.”

बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी काहीतरी खुलासा करायला सुजलेले ओठ हलवले. आईने मान हलवली.

“कळत नाही. बरी झाल्यावर बोल.” आणि ती पुन्हा जावयाकडे वळली, कारण अर्ध्यावर राहिलेली लिफ्टची हकीकत तिला पुरी ऐकायची होती.

बाई परत आत गेल्या. आपली चोरी पकडली गेली याची लाज त्यांना वाटली. पण त्याहून चमत्कारिक असं काही वाटत होतं. लहानपणापासून आपण एका दाराशी उभ्या आहोत, आणि आत्ता कळतंय की माणसं दुसऱ्या दाराने आलीगेलीसुद्धा. याला दुःख म्हणावं इतकं ते जड नव्हतं.

सूज उतरली, खपल्या गळाल्या, खाली गुलाबी कातडी आली. बाईंचं बोलणं पूर्ववत झालं. आईने खुलासा मागितला नाही आणि बाईंनी दिला नाही. दुसऱ्या सिटिंगनंतर डावीकडच्या कोपऱ्यात एक तपकिरी डाग उठला. दुपारच्या उन्हात गेल्याबद्दल डॉक्टर रागावल्या, रोज लावायचं मलम दिलं, आणि डाग फिका होईस्तोवर पुढचं काम थांबवलं. डाग जायला पावसाळा उलटला. वरच्या ओठावरच्या बारीक रेषा निम्म्याने कमी झाल्या होत्या. कोपऱ्यांतले खोल चरे होते तिथेच होते. डॉक्टरांनी पुन्हा सोलून काढणाऱ्या लेझरचा विषय काढला. बाईंनी विचारलं, तोंड किती दिवस कामातून जाईल. उत्तर ऐकून म्हणाल्या, “चरे राहू देत. चाळणीचंच एक राहिलंय तेवढं करा.”

शाळेचे पाठ पुन्हा कॅमेऱ्यात घेतले गेले. बाईंनी ते या खेपेला शेवटपर्यंत पाहिले. रेषांचा हिशेब करायचा त्या विसरल्या, कारण ‘बाय’ म्हणताना आपण उगाचच भुवया उडवतो हे त्यांना पहिल्यांदाच दिसलं.

तिसऱ्या सिटिंगच्या दिवशी सकाळीच घरात खटका उडाला. खिडकी उघडी ठेवायची की लावायची यावरून सासू-जावयाचं वाजलं. मिशीकाका वाऱ्याने शिंकत होते, आईला कोंडल्यासारखं होत होतं. दोघंही समोरासमोर बसून एकमेकांना खडसावत होती. आई सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशी, मिशीकाका ओठ ताणताणून. मधे कुणी काही गाळत नव्हतं. बाईंनी चपला घातल्या, जाते म्हणून सांगितलं, पण कुणाचं लक्ष नव्हतं. दार ओढून घेऊन त्या जिना उतरल्या.