विहिरीतलं कासव आणि तिकिटावरचं

राखी पाठवायला शहापूरच्या पोस्टात गेले, तेव्हा पाण्यातल्या संकटग्रस्त जिवांची नवी तिकिटं आली होती. रंग आवडले म्हणून संच घेतला, आणि घरी येऊन तो बाबांना दाखवायची अवदसा आठवली.

बाबांनी डॉल्फिन बघितला नाही, मासा बघितला नाही. कासवाच्या तिकिटावर बोट ठेवून म्हणाले, "आपल्या कासवाचा फोटू यांना दिला कोनी?"

आमच्या सापगावच्या विहिरीत एक कासव आहे. पाणी स्वच्छ राहतं म्हणून विहिरीत कासव सोडायची आमच्याकडे रीतच. हे आईने लग्नानंतर मुरबाडकडच्या माहेराहून बादलीत घालून आणलेलं. आई गेली, कासव राहिलं. बाबांचा सगळा जीव त्यात, आणि संशय घ्यायला त्यांना मुळात एवढंसं निमित्त पुरतं.

"बाबा, अशी कासवं खूप असतात."

"खूप असतात तर तिकीट कशाला छापलं? आधी फोटू छापतील, मग सरकारी जीप घेऊन येतील न्यायला."

त्या दिवसापासून विहिरीवर जाळी आली. कठड्याशी कोणी रेंगाळलं की बाबा ओट्यावरून खाकरत. विजेचा मीटर बघायला आलेल्या माणसालाही त्यांनी "कुठल्या खात्याचे?" म्हणून हैराण केलं. मला हसू येईना, रागच येत होता. कारण मी मोबाइल हातात घेतला की ते माझ्याकडेही तसंच बघायचे. पोटच्या लेकीवर पाळत!

शेवटी एकदा त्यांनी तिकीट पुढे केलं. "हे संकट लिवलंय, ते कोनाचं? आपलं का त्याचं?"

"त्याचं. फार थोडी उरलीत."

"खोटं. तुज्या आयच्या गावात ओढ्याला लय होती."

खातरजमा करायला किन्हवलीवरून जाणारी मुरबाडची एसटी धरून आम्ही आईच्या माहेरी गेलो. ओढ्याच्या काठाने फार्महाउसची कुंपणं उभी राहिली होती, डोहात नुसता गाळ. बाबा कासवांची चौकशी करू लागले, तर लोक आम्हालाच वरखाली न्याहाळायला लागले. "कशाला पायजेत? इकायचीत काय?" मामा म्हणाला, "भावजी, लय वरसं झाली दिसून. ताईनं नेलेलं तुमच्याकडं हाय ना अजून?"

"नाय," बाबा म्हणाले. "कदीच मेलं."

सख्ख्या मेहुण्याशी धडधडीत खोटं!

घरी येताच पिशवी माझ्या हातात देऊन बाबा विहिरीवर गेले, जाळी बाजूला सारली आणि आत वाकून बघत राहिले. मीही मागे जाऊन उभी राहिले. बऱ्याच वेळाने कासवाने पाण्याबाहेर डोकं काढलं, श्वास घेतला आणि ते पुन्हा खाली गेलं.

"तुजी आय दोन आनत होती गो," बाबा म्हणाले. "जोडी. मीच म्हनलो, एक बस झालं."