म्हैसूरची कॉफी आणि वळसंगची सासू

आमच्या ऑफिसात फायली निकाली निघत, किस्से मात्र साचत जात. सत्तरच्या दशकातल्या सोलापुरात आम्ही सगळे चहाबाज. तरी आम्हाला हादरवून सोडणारे किस्से कॉफीचेच, आणि तेही एकाच घरातले. आमचा दोस्त बिराजदार म्हैसूरची बायको करून आला, तिथून हे सुरू झालं.

*

त्याची आई सोलापूरजवळच्या वळसंगची. नव्या सुनेसाठी तिनं कौतुकानं कॉफी केली. आटवलेलं दूध, भरपूर साखर, जायफळ आणि नावाला चिमूटभर कॉफी. आम्ही बसलो होतो म्हणून शारदावहिनी कानडी सोडून मोडक्या मराठीत म्हणाल्या, "खीर चांगला झाला. कॉफी कधी?"

सासूबाईंनी सुनेशी बोलणंच टाकलं. तिची कॉफी तोंडाला लावणार नाही, असंही जाहीर केलं.

*

वहिनींचा पितळी फिल्टर दुमजली. वरच्या भोकांच्या भांड्यात कॉफीची पूड दाबायची, उकळतं पाणी ओतायचं आणि खाली अर्क ठिबकायची वाट बघायची. अर्ध्या तासानं आमच्या हेडक्लार्कनी वरचं भांडं उचललं. खाली दोन बोटं काळं पाणी.

"वहिनी, आमच्या नळालासुद्धा याहून मोठी धार असते."

त्यात गरम दूध पडलं, पहिला घोट घेतला आणि हेडक्लार्क फिल्टरसमोर खुर्ची ओढून बसले. पुढचा अर्क ठिबकेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

*

सांगोल्याचा आमचा माने खोकत खोकत त्यांच्या घरी गेला. वाटीतला अर्क त्याला काढा वाटला. घटाघटा प्याला! दुसऱ्या दिवशी स्वतःच्या फायली संपवून तो शेजाऱ्याच्या मागायला लागला. साहेब घाबरले.

"माने, बरं आहे ना?"

"व्हय की साहेब. खोकला हाय तितंच हाय, झोप तेवढी गेली."

*

मग एकदा सासूबाईंनी फिल्टरच्या त्याच भांड्यात मटकी मोड आणायला ठेवली. पाणी निथळायला भोकं आयतीच! सकाळी वहिनींनी झाकण काढलं, तर आत लांब लांब मोड. फिल्टर घासून ट्रंकेत घातला आणि म्हैसूरला निघून गेल्या.

बिराजदारच्या पत्रांना उत्तर येईना. संसार मोडतो की काय, या धास्तीनं तो वाळत चालला. आम्हाला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

*

एका सकाळी तो धापा टाकत ऑफिसात आला. "आई घरात न्हाय." एकटीनं कधी सोलापूर न सोडलेली बाई! आम्ही स्टँड, स्टेशन, वळसंग सगळं पालथं घातलं. आणि चार-पाच दिवसांनी सासू-सून एकाच टांग्यातून उतरल्या.

म्हैसूरला काय झालं, ते पुढं वहिनींनीच सांगितलं. ना माफी, ना विचारपूस. सासूबाई दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "चल की गं घरी. तू गेल्यापासनं चहानं मला जागच येत न्हाय."